क्रामाची गाठ

सोफालला कोर्टावर पाहिलं की थीदाचा जळफळाट व्हायचा. बसून खेळायच्या या व्हॉलीबॉलमध्ये ती बया हातांवर अशी सरकायची, जणू फरशीला तेल लावलंय. लाकडं आणताना भूसुरुंगाने तिचे दोन्ही पाय नेले होते. थीदाचे पोलिओने वाळलेले पाय मात्र जागेवर होते, आणि नेमके आडवे यायचे. चौकडीच्या क्रामाने, म्हणजे गळ्यातल्या कंबोडियन पंचाने, ते एकत्र बांधूनच ती खेळायची. आज त्यांच्यामुळेच शेवटचा बॉल सुटला आणि सामना गेला. "तुझं बरंय बाई," थीदा टोचून बोलली, "पाय नाहीत, कटकट नाही." सोफाल तिच्या बांधलेल्या पायांकडे बघत राहिली. "अकरा वर्षं माझ्या डाव्या पायाचा अंगठा खाजतोय," ती म्हणाली. "नसलेला अंगठा खाजवू कसा? तुझा जरा खाजवून दाखव ना." थीदाने क्रामाची गाठ सोडली, नख लावलं. "अजून खाली," सोफाल पुटपुटली. "हां. तिथंच."