पायरीचा फोटो

दुपारी मी मंदिरातली कथा ऐकून परतले, तर माझ्या दाराशी भुजचे चौघं सामान घेऊन उभे होते. मुलगा, सून, म्हातारी वनलीलाबा आणि छोटी झरणा.

"बेन, हेच ते घर. होळीआधीच खोलीचे पैसे भरलेत," मुलगा म्हणाला.

"कुणा भामट्याने फसवलंय, भाई. मी खोल्या देतच नाही. आधी फोन करून चौकशी तरी करायची!"

"बा करू देईल तर ना! म्हणे, जाहिरातीच्या फोटोत देव्हाऱ्यात ठाकोरजी आहेत, ते घर कसं फसवेल?"

"मग आता देवाचीही चौकशी करायची का?" बा फणकारल्या, पण डोळे भरले होते. द्वारकेला येण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

मी मुलाचा मोबाइल हातात घेतला. फोटोतला देव्हारा माझाच होता. मोगऱ्याच्या हारात मधोमध एकच लाल कण्हेर. मोगरा कमी पडला म्हणून ती मी आज सकाळी ओवली होती.

"हा फोटो कधीचा?"

"होळीआधीचा. तोच पाहून तर पैसे भरले."

पुढचा फोटो माझ्या पायरीचा होता. तिच्यावर चपलांचे चार जोड. सगळ्यात लहान निळा, त्यातली एक चप्पल उलटी.

मी त्यांच्या पायांकडे पाहिलं. त्याच चपला, अजून पायातच होत्या.

माझे हात आपोआप जोडले गेले. "बा, आत या. घर तुमचंच आहे."

बांनी चपला काढल्या. मग सुनेनं, मग मुलानं. झरणा पाय झटकत आत पळाली.

निळी चप्पल हवेत गिरकी घेऊन पायरीवर पडली. उलटी.