बागलानचं काळीज

"कुल्याश आपा वर येताहेत," असं खालच्या पहारेकऱ्यानं फोनवर सांगितलं आणि मोल्दिरच्या हातातली काचेची नळी टेबलावर आपटली. फुटली नाही एवढंच.

सकाळीच प्रयोगशाळेचे प्रमुख ओराजबेक साबितोविच यांनी तिला आत बोलावून दार लावून घ्यायला सांगितलं होतं. संशोधन छापायला पाठवण्याआधी पेशी नक्की कुणाच्या, हे तपासून घ्यावं लागतं. ते तपासलं, आणि बागलानच्या नावाची पेशींची बशी बाईची निघाली. बाईची म्हणजे मोल्दिरचीच.

बागलान हा कुल्याश आपांचा एकुलता एक. कुस्तीगीर, धडधाकट, कधी साधी शिंक माहीत नाही. आखाड्यात कुणी अंगाला हात लावायच्या आत कोसळला. दवाखान्यात यंत्रावर होता तेव्हा प्रयोगशाळेनं त्याचं रक्त मागून घेतलं. पुढे तो गेला. तुलनेसाठी त्याच दिवशी एका निरोगी माणसाचं रक्त हवं होतं. अशा वेळी प्रयोगशाळेतली माणसं आपलाच हात पुढे करतात; बाहेर कोण शोधत बसतो? मोल्दिरनं बाही वर केली. दोन नळ्या, दोन चिठ्ठ्या, आणि त्या चिकटवताना तिचं लक्ष कुठं होतं ते देव जाणे.

दोन्ही रक्तांतल्या पेशींना त्यांनी आधी गर्भातल्यासारखं कोवळं केलं, मग हृदय व्हायला शिकवलं. 'मोल्दिर' लिहिलेल्या पेशींनी तग धरला नाही. "माझ्यात दमच नाही," असं हसत तिनंच त्या ब्लीच घालून बेसिनमध्ये ओतल्या, आणि तुलनेला दुसऱ्या निरोगी पेशी विकत आणल्या. 'बागलान' लिहिलेल्या मात्र जगल्या आणि एके दिवशी बशीत धडधडू लागल्या. थोडा वेळ सरळ, मग अडखळायच्या, मग पुन्हा सरळ. पोराचा जीव ह्याच अडखळण्यानं घेतला, असं सगळ्यांना वाटलं. रोग हाती लागला म्हणून ओराजबेक साबितोविचनी केक आणला होता.

म्हणजे बागलान बेसिनमधून वाहून गेला होता. बाटलीत, बर्फात, कुठंही त्याचा कण उरला नव्हता.

आणि त्याची आई दर गुरुवारी येत होती. मेलेल्यांच्या नावानं गुरुवारी पुरीसारखे शेल्पेक तळायचे, ते शेजारी वाटायचे. कुल्याश आपा त्यातले निम्मे इथं आणायच्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायच्या आणि पोराशी बोलायच्या. आज गुरुवारच होता.

"तिला एक अक्षर बोलू नकोस," ओराजबेक साबितोविच म्हणाले होते. "बघेल आणि जाईल. म्हातारीला काय कळतंय कुणाच्या पेशी ते!"

मोल्दिरला भीती वाटत होती. नोकरीची होतीच. पण त्याहून मोठी भीती त्या बाईच्या चेहऱ्याची होती. त्यांच्या लोकांत मरणाची बातमी कुणी तोंडावर फेकत नाही. वडीलधारी माणसं जमून जातात, घोड्या-पाखरांच्या गोष्टींतून आडवळणानं बोलतात, ऐकणारा आपणच समजतो. एकाच पोराच्या मरणाची बातमी त्याच आईला दुसऱ्यांदा द्यायची होती, आणि मोल्दिरकडे वडीलधारे म्हणून एकटे ओराजबेक साबितोविच. ते मागच्या जिन्यानं जेवायला पळाले होते.

"तोंड का उतरलंय गं?" आपांनी रुमालात गुंडाळलेले शेल्पेक टेबलावर ठेवले. "जेवली नसशील. तुम्ही शिकलेल्या पोरी चहावरच जगता. घे, गरम आहेत." आणि त्या सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. "काय रे, कसा आहेस? बर्फ वितळला बरं का डोंगरावरचा."

मोल्दिरला तिथून पळून जावंसं वाटलं. गप्प राहिलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. पण ती बाई बशीशी बोलत होती, आणि ते ऐकवत नव्हतं.

"आपा, समजा, एका धन्याचं शिंगरू दुसऱ्याच्या कळपात गेलं. आणि तो धनी वर्षभर भलत्याच शिंगराला..."

"शिंगरू?" आपांनी मान वर केली. "मी घोडे राखणाऱ्याची लेक आहे, पोरी. शहरातलं माणूस शिंगरांच्या गोष्टी सांगायला लागलं की समजावं, कुणीतरी मेलंय. सरळ बोल."

"हे बागलानचं नाही. चिठ्ठ्या बदलल्या, माझ्या हातून. त्याच्या पेशी मीच फेकून दिल्या. हे... हे माझ्या रक्तातलं आहे."

मोल्दिरनं डोळे मिटून घेतले. थप्पड येईल, किंकाळी येईल, काहीही येईल म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. काहीच आलं नाही. तिनं डोळे उघडले तेव्हा आपा रडत होत्या, पण डोळे पुसून पुन्हा सूक्ष्मदर्शकावर वाकल्या होत्या.

"अजून अडखळतंय," त्या म्हणाल्या.

"हो आपा, ते पहिल्यापासून तसंच..."

"आणि हे तुझं काळीज आहे, म्हणतेस?"

मोल्दिरचा हात आपल्याच छातीवर गेला. सकाळपासून ती नोकरीला घाबरली होती, ओराजबेक साबितोविचना घाबरली होती, ह्या बाईच्या दुःखाला घाबरली होती. स्वतःच्या काळजाला घाबरायचं तिला सुचलंच नव्हतं.

कुल्याश आपांनी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले आणि तिला हळूच स्टुलावर टेकवलं.

"हलू नकोस, पोरी. मी डॉक्टरला बोलावते. माझ्या बागलानला हे सांगणारं कुणी नव्हतं."