बदामाखालची हिरवळ

मढचं घर शूटिंगवाल्यांना भाड्यानं द्यायचं, म्हणून अल्पेशनं अंगणात बदामाच्या सावलीत गोल्फची प्लास्टिकची हिरवळ बसवून घेतली. लहानपणी तो इथेच गोट्या खेळायचा. शेजारी बाबा पाय लांब पसरून, जाळं अंगठ्याला अडकवून शिवत बसलेले असायचे. ते जाऊनही आता कितीतरी वर्षं झाली.

कारागीर गेल्यावर त्यानं चेंडू मारून पाहिला. चेंडू भोकाकडे सरळ निघाला आणि मध्येच कशाला तरी अडल्यासारखा थांबला. दुसराही तिथेच थांबला.

त्यानं हात फिरवून पाहिला. सगळं सपाट होतं. गार सावलीत तेवढीच जागा कोमट लागली.

ओट्यावर आई बोंबील साफ करत होती. मान वर न करताच ती म्हणाली, "अहो, पाय घ्या ना जरा. पोरगा खेळतोय."

दोन्ही चेंडू हळूच पुढे निघाले.