हे उपासाला चालतं का?

"हे उपासाला चालतं का, विचार तिला," काचेमागच्या आणखी एका पदार्थाकडे बोट दाखवत सासूबाईंनी चौथ्यांदा फर्मावलं.

टोरोंटोतल्या आमच्या कोपऱ्यावरच्या फिलिपिनो बेकरीत मी मुलांसाठी पाव घ्यायला आले होते. मागे रांग खोळंबली होती. सासूबाईंचं नवरात्र, साबुदाण्याने पित्त होतं, म्हणून सहा दिवस नुसती केळी. आता या बेकरीवालीला उपास कसा समजावू?

"धान्य नको, अंडं नको," मी वैतागून इंग्रजीत म्हटलं.

तिने गडद जांभळं काहीतरी भरलेली बरणी उघडून चमचा पुढे केला. "उबे हलाया."

सासूबाईंनी चाखलं. "अगं, हा तर कोनफळाचा हलवा! उच्चार तेवढा चुकतोय तिचा."

मग माझ्यावरच उखडल्या, "दाराशी हलवा मिळत असताना तू मला सहा दिवस केळी खायला घातलीस?"