जंगलातल्या घराची पागोळी

“या चित्रात काय कमी आहे?” मादाम ओदिलने विचारलं आणि सविताच्या तोंडचं पाणी पळालं.

तांजोंग पगार भागातल्या त्या स्टुडिओत टेबलावर पेन्सिलचं एक चित्र पसरलेलं होतं. मलेशियाच्या जंगलातलं कौलारू घर, मागे गच्च झाडी. या फ्रेंच चित्रकार बाईंना मदतनीस हवी होती. आधीचे पाचही उमेदवार आर्ट कॉलेजातले. कुणी म्हणालं, काहीच कमी नाही. कुणी तर हातच जोडले. सविता बाहेर बसून सगळं ऐकत होती.

तिच्या गाठीला काय, तर लग्नाआधी सावंतवाडीच्या शाळेत तीन वर्षं शिकवलेली चित्रकला. नंतरची सात वर्षं इथे परदेशात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, नवऱ्याचे, उन्मेषचे डबे भरण्यात गेली. “छान आहे म्हण आणि मोकळी हो, उगाच शहाणपणा नको,” उन्मेषने सकाळीच बजावलं होतं. आज नाही जमलं, तर पुन्हा कुठे अर्ज करायची हिंमत आपल्यात उरणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

छान आहे, एवढंच तर म्हणायचं होतं. पण मेलं ते घर तिला डाचत होतं. झाडं खरी, कौलं खरी, आणि घर मात्र जमिनीवर बसेचना. कुणीतरी आणून ठेवल्यासारखं दिसत होतं. मग एकदम तिच्या ध्यानात आलं.

“पाऊस,” ती म्हणाली. “या घरावर पाऊसच पडलेला नाही.”

मादामच्या भुवया वर गेल्या. आता पागोळ्यांना इंग्रजीत काय म्हणतात, कोण जाणे! कौलांवरून पाणी गळतं, वर्षानुवर्षं त्याच जागी पडतं आणि घराभोवती मातीत खळग्यांची ओळ उमटते. लहानपणी अशाच ओळीत बोटं घालत ती वाढली होती.

“दाखवू?” असं म्हणून तिने उत्तराची वाटही पाहिली नाही. खोडरबराच्या टोकाने वळचणीखाली एकेक ठिपका उजळला, पेन्सिलीने त्याला कड दिली. दहा मिनिटांत घर जमिनीवर घट्ट बसलं.

मादामचा चेहरा पांढराफटक पडला होता. “हा प्रश्न मी सगळ्यांना विचारते. कोण खरं बोलतं ते पाहायला,” त्या हळूच म्हणाल्या. “चित्र केव्हाच पूर्ण झालं होतं. पुढच्या आठवड्यात प्रदर्शनात लागणार आहे.”

सविताने हात मागे घेतला. पुऱ्या झालेल्या चित्रावर आपण रबर चालवलं! संपलं सगळं, तिला वाटलं.

मादाम वाकल्या. बराच वेळ त्या ओळीकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी सविताच्या हातातलं रबर घेतलं आणि कोपऱ्यातली स्वतःची सही शांतपणे खोडून टाकली.

“उद्या नऊला ये,” त्या म्हणाल्या. “आधी हे चित्र पूर्ण करू. मग सही करू, दोघी.”