मुळाशी पडलेली फट

साठी उलटल्यावर मावशीला हौस आली आणि ती भाचीच्या पार्लरमध्ये ॲक्रिलिक नखं लावायला शिकू लागली. सरावाला मिळाला एक रबरी हात.

"शनिवारपर्यंत याची पाचही नखं नीट राहिली, तर सोमवारचं पहिलं गिऱ्हाईक तुझं," भाचीने कबूल केलं.

गुरुवारी मावशीने द्रवात भिजवलेल्या ॲक्रिलिक पावडरचा ओला थेंब नखाच्या मुळाशी अगदी भिडवून बसवला. शुक्रवारी पाहते तर काय, मुळाशी तांदळाएवढी फट!

"अगं मावशी, अशी फट पंधरा दिवसांनी पडते, खालचं नख वाढलं की," भाची हसली. "रबराचं नख कुठं वाढतं? तूच मुळापासून लांब लावलंस. चष्मा पूस!"

मावशीने चष्मा पुसला, फट भरली, घासून गुळगुळीत केली. भाचीने भिंगातून पाहून मान डोलावली.

शनिवारी पुन्हा फट होती. या वेळी भाची हसली नाही.

मावशी गोंधळून स्वतःच्या बोटांकडे बघू लागली. लहानपणी आई दर रविवारी पायरीवर बसवून तिची नखं कापायची. ती रविवारची सवय तिने अजून सोडली नव्हती. शिकायला लागल्यापासून पाचही रविवारी ती नेलकटर घेऊन बसली होती, आणि कापायला काहीच सापडलं नव्हतं.