बर्कबीचा चहा

दार वाजलं तसा बॅरीने किटलीचा खटका बंद केला. पाण्याची घरघर थांबली. घरात कुणी नाही असं बाहेरच्या माणसाला वाटायला हवं होतं.

पुन्हा धाडधाड. या वेळी बुटाने. वसुलीवाले लाथा मारतात का, हे बॅरीला ठाऊक नव्हतं. त्याच्यासोबत या घरात राहणाऱ्या नेव्हिलचं गालिच्यांचं दुकान बुडालं, कोर्टाने त्याला दिवाळखोर ठरवलं, तेव्हापासून पोस्टमन आला तरी बॅरी दार उघडायचा नाही. दिवाळं नेव्हिलचं आणि झोप बॅरीची उडालेली. घरभाड्याचा करार दोघांच्या नावाने होता, एका कागदावर, नवराबायकोसारखा. आपल्या मुलीची, एल्सीची सायकल तर बॅरीने परवाच परसातल्या कोळशाच्या खोलीत नेऊन पोत्याखाली झाकली होती.

खरं तर आज इतकं घाबरायचं कारण नव्हतं. दुपारीच तो ग्रिम्झबीतल्या मोफत सल्ला केंद्रात जाऊन आला होता. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "कर्ज त्यांचं आहे, तुमच्या वस्तूंना कुणी हात लावणार नाही. भाडं मात्र त्यांनी नाही दिलं तर सगळं तुम्हाला भरावं लागेल. जमेल?"

"जादा पाळ्या करीन," बॅरी म्हणाला.

"मग घर राहील. फक्त एक सांभाळा. दोघांपैकी कुणीही मालकाला 'घर सोडतो' असं लिहून देऊ नका. करार एकच आहे. एकाने सोडला की दोघांचाही सुटतो."

हेच नेव्हिलला सांगायला तो धावत घरी आला होता. नेव्हिल घरात नव्हता आणि फोनही बंद होता. घरमालक बर्कबीने शेजारचं घर गेल्याच वर्षी रिकामं करून दीडपट भाड्याने दिलं होतं, आणि बर्कबी म्हणजे छत गळतं म्हटलं तर बादली तुमचीच लावा म्हणणारा माणूस. हे घर गेलं तर बॅरीला या पैशांत एखादी खोली मिळाली असती, दोन नाही. आणि एल्सीला स्वतंत्र खोली असेल तरच ती शनिवारी बापाकडे राहील, असं कोर्टाने स्पष्ट सांगितलेलं होतं. वरची अरुंद खोली तिची होती. ती गेली की शनिवारही गेला.

"बॅरी, उघड की रे. हात भरलेत माझे. मासे गार होतायत."

बॅरीने दार उघडलं. दारात नेव्हिल उभा होता, लग्नाला आणि मयताला घालायचा काळा सूट चढवून, दोन्ही हातांत तळलेल्या माशांची पुडकी घेऊन. गेले दोन महिने उतरलेला त्याचा चेहरा आज फुलला होता.

"कुठे होतास? फोन का बंद?"

"कामात होतो. आधी ताटं काढ."

"नेव्हिल, माझं ऐक. त्या सल्ला केंद्रातल्या बाई म्हणाल्या..."

"अरे, बाईंना कशाला त्रास दिलास? मिटवून आलो मी. बर्कबीकडे गेलो होतो."

बॅरीच्या हातात व्हिनेगरची बाटली होती. ती त्याने हळूच टेबलावर ठेवली.

"मुदत मागायला गेलास ना?"

"मुदत कसली घेऊन बसलास. म्हटलं, बर्कबी, माझं नाव काढ. माझ्या पापात बॅरी कशाला? मी जातो बहिणीकडे स्कनथॉर्पला. तिचा नवरा कुरकुरेल, कुरकुरू दे. बॅरीला त्याच्या घरात सुखाने राहू दे."

"तोंडी बोललास."

"मला दूधखुळा समजतोस का? रीतसर लिहून दिलं. शब्द त्याने सांगितले, मी लिहिले. पेनसुद्धा त्याचंच." नेव्हिलने मोठा मासा बॅरीच्या ताटात ठेवला. "आणि माणूस आपण समजतो तसा नाही हं. आत बसवलं मला. स्वतः उठून चहा केला. आठ वर्षांत पहिल्यांदा."

"चहा केला?"

"वर बिस्किटं. निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, नेव्हिल, तू फार भला माणूस आहेस."

आता बॅरीला खरी भीती वाटली. मघाशी दार वाजलं तेव्हाची हिच्यापुढे काहीच नव्हती. वसुलीवाले आले असते तर तो दार लावून बसला असता. पळत बर्कबीकडे जावं, कागद परत मागावा, पाया पडावं, असं त्याच्या मनात आलं. पण बर्कबीने ज्यासाठी चहा केला तो कागद तो परत देणार नव्हता, हे बॅरीला कळत होतं. समोर नेव्हिल दोन महिन्यांत पहिल्यांदा पोटभर जेवत होता.

"अरे, खा ना. बघतोस काय असा? मघाशी वाटेत एल्सीलाही फोन केला मी. म्हटलं, पोरीला आनंद होईल."

बॅरीचा खिसा थरथरला. त्याने फोन कानाला लावला.

"बाबा, नेव्हिलकाकांची मोठी खोली आता माझी ना? आपण तिला पिवळा रंग लावायचा का?"

बॅरीने ताट दूर सारलं. तिचा आवाज नेव्हिलपर्यंत पोहोचला होता.

"हो म्हण की," तो तोंडात घास धरून म्हणाला.